जॉबर आत गेला

अंगात लोखंड काही?
दिवसातून पंचवीसदा विचारते मी.
चावी, नाणी, पट्टा, करगोट्याचा ताईत,
छातीत बसवलेलं यंत्र, हाडात ठोकलेला स्क्रू.
लक्ष्मीनारायण दासरी म्हणाले, आहे की, बोटात.
जॅकार्डच्या सुईचं टोक, एकोणनव्वद सालचं,
थंडीत अजून ठणकतं.
हाताचा एक्स-रे काढून आणला.
सर म्हणाले, चालेल.

बायको बाहेर बाकावर. राजमणी.
मुठीत त्यांचं घड्याळ, अंगठी, रुमालात कवळी.
आणि नखावर विडी दुमडायची पत्र्याची टोपी,
पूर्व भागातून निघताना काढायची राहिलेली.

तीन आठवड्यांत दोनदा
त्यांचा उजवा हात दहा मिनिटं परका झाला.
गाठ मारता मारता बोटं थांबली.
पोराचं नाव तोंडाशी आलं
आणि दातांमागंच राहिलं.
मग सगळं जागच्या जागी.
चहा प्याले, शिफ्ट पुरी केली.

डॉक्टरांनी समजावलं होतं,
मेंदूतली नस म्हणजे नळ समजा,
आतून थर धरतो, धार बारीक होते.
राजमणींनी विचारलं,
मग तिथं किती दिवसाआड येतंय?
आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री दोनला.
डॉक्टर हसले नाहीत.
सोलापूरचेच होते.

हलायचं नाही, मी सांगितलं.
हा रबरी फुगा धरा, भीती वाटली की दाबा.
आवाज फार होतो, म्हणून कानात बोळे.
आवाजाचं काय सांगता ताई, म्हणाले,
आणि बोळे घालून घेतले,
लहान पोरानं टोपी घालून घ्यावी तसे.

काचेच्या अलीकडं मी.
आधी ठकठक, मग घरघर,
मग एकसुरी गुणगुण, याच गुणगुणीत नसा दिसतात.
औषध टोचत नाही, रंग सोडत नाही.
जे एका जागी बसलंय
त्याच्यावर इतके ठोके पडतात
की ते उत्तर द्यायचंच सोडतं, काळं पडतं.
नुकतंच आत आलेलं रक्त
अजून ताजं असतं.
हाक मारली की ओ देतं.

काळ्यात पांढरे धागे उमटत गेले.
उजवीकडं सगळं नीट.
डावीकडं, कानशिलाच्या आत, मधल्या नसेत
चार मिलिमीटर
काहीच नाही.
पुढं परत धागा सुरू.

घाबरायचं नाही, हे मी शिकले आहे.
अरुंद जागी रक्त घाईत येतं, भोवरे घेतं,
आणि यंत्राच्या हातून निसटतं.
चित्र नेहमी नसेपेक्षा थोडं जास्तच घाबरतं.
पुढं उजेड आहे, म्हणजे बहुधा
मधून काहीतरी जातंय.
किती, ते उद्या सर मोजतील.
मोजायचा पगार मला नाही.

फुगा त्यांनी एकदाही दाबला नाही.
उठून बसले, बोळे काढले, म्हणाले,
तुमच्या मशीनचं पिकिंग बघून घ्या एकदा.
तिसऱ्या आवाजात मधेच एक ठोका चुकतोय.
मी रजिस्टरात लिहून ठेवलं.
कंपनीचा माणूस येईल तेव्हा येईल.

बाहेर राजमणी उभ्या राहिल्या.
एमैंदम्मा?
माझं तेलुगू इतकंच, काय झालं, एवढं कळण्यापुरतं.
रिपोर्ट उद्या चारला, मी म्हणाले.
त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या,
म्हणून मी फाइलला टाचणी लावली,
लावलेलीच होती, परत लावली.

मग त्यांनी नवऱ्याला कवळी दिली, अंगठी दिली.
घड्याळ दिलं
आणि हात मागं घेतला.
डाव्या मनगटावर घड्याळ ठेवून
उजव्या हातानं
ते पट्ट्याचं भोक शोधू लागले.
मदत कुणी केली नाही.
आम्ही दोघी
त्यांच्या बोटांकडं बघत उभ्या.